स्वस्त बाटलीत नेमकं काय असतं? बर्बन, आपली व्हिस्की आणि चवीचा हिशेब

(जळकोट येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हापासून आम्हाला दोन तऱ्हेची माणसं भेटली. एकांनी विचारलं, "चाखायला देणार का?" दुसऱ्यांनी विचारलं, "दारूपायी खेड्यापाड्यांत काय चाललंय, माहीत आहे ना?" पहिल्यांना उत्तर सरळ आहे: नाही देणार. (हशा) दुसऱ्यांना सांगतो, माहीत आहे, आणि म्हणूनच हा विषय घेतलाय. घरातला पैसा ज्या बाटलीवर जातो, त्या बाटलीत काय भरलंय हे विचारायची आपल्याकडे पद्धतच नाही. दहा रुपयांची वांगी घेताना आपण चारदा उलटीपालटी करून बघतो. क्वार्टर घेताना कुणी मागचं लेबल वाचतं का?

आम्ही म्हणजे चार जण आहोत. थोडं चाखायचं, वहीत लिहून ठेवायचं, एकमेकांशी भांडायचं, हा आमचा बऱ्याच वर्षांचा छंद. बोलायची पाळी आज माझ्यावर आली, पण मतं चौघांची आहेत. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय पंचवीस पूर्ण लागतं आणि परवाना लागतो. त्याखालचे कुणी इथे असतील तर त्यांनी हे सामान्यज्ञान म्हणून ऐकावं.

किंमत कशाची असते?

सुरुवात पैशापासून करू. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने मद्यावरचं शुल्क वाढवलं. कमी उत्पादनखर्चाच्या गटातली जी भारतीय बनावटीची विदेशी दारू आहे, तिच्यावरचं उत्पादन शुल्क खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झालं. म्हणजे काय? समजा एका क्वार्टरचा उत्पादनखर्च वीस रुपये धरला. आधी त्यावर साठ रुपये शुल्क बसायचं, आता नव्वद बसतं. पुढे विक्रीकर, दुकानदाराचा नफा, वाहतूक. त्याच वेळी १८० मिलीच्या किमान किमती ठरल्या: देशी ८० रुपये, धान्यापासूनची 'महाराष्ट्र मेड लिकर' ही नवी वर्गवारी १४८ रुपये, भारतीय बनावटीची विदेशी २०५ रुपये आणि प्रीमियम विदेशी ३६० रुपये.

बाहेरच्या मालाचंही असंच. अमेरिकेतून येणाऱ्या बर्बनवर भारतात १५० टक्के आयात शुल्क होतं, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये १०० टक्क्यांवर आणलं. हजार रुपयांची बाटली बंदरावर आली तर आधी तिच्यावर पंधराशे रुपये चढायचे, आता हजार चढतात. राज्याचा कर वेगळा. त्यामुळे अमेरिकेत जी बाटली कुणीही रोजच्या वाणसामानात टाकतं, ती आपल्याकडे काचेच्या कपाटात कुलपात जाऊन बसते.

सांगायचा मुद्दा हा की बाटलीवरची किंमत बहुतांशी कराचं मोजमाप करते. चवीचं मोजमाप ती करत नाही. "महाग आहे म्हणजे भारी असणार" आणि "स्वस्त आहे म्हणजे भंगार असणार" ही दोन्ही वाक्यं आपण आज बाजूला ठेवू. मग माल ओळखायचा कसा? त्यासाठी बर्बनचं उदाहरण फार सोयीचं आहे, कारण तिथे कायद्यानेच मालाची व्याख्या बांधून टाकली आहे.

बर्बन म्हणजे काय?

बर्बन ही मक्याची व्हिस्की. अमेरिकेच्या काँग्रेसने १९६४ साली ठराव करून बर्बन हा त्या देशाचा खास पदार्थ ठरवला. तिचे नियम मोजके आहेत, बोटावर मोजू.

एक, ती अमेरिकेतच बनली पाहिजे. दोन, धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. उरलेल्यात राई नाहीतर गहू, आणि मोड आणलेलं जव. तीन, ऊर्ध्वपातन करताना मद्यार्काचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर न्यायचं नाही. चार, पिंपात भरताना ते ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. पाच, पिंप ओकचं, नवं कोरं आणि आतून जाळलेलं हवं. सहा, बाटलीत निदान ४० टक्के हवं. आणि वरून रंग नाही, स्वाद नाही. पाणी तेवढं घालायची मुभा.

यातला तिसरा नियम नीट समजून घ्या, कारण सगळा फरक तिथे पडतो. धान्य आंबवून भट्टी लावली की वाफेबरोबर मद्यार्क येतो आणि धान्याचा वास, तेल, चवीचे घटकही येतात. जितक्या वर न्याल तितका मद्यार्क शुद्ध होतो आणि धान्य मागे राहतं. ९६ टक्क्यांपर्यंत नेलं की जे मिळतं त्याला न वास, न चव. मका घातला होता की ज्वारी की तांदळाची कणी, कुणाला सांगता येणार नाही. बर्बनला ८० ची वेस घातली आहे, म्हणून मका तिच्यात जिवंत राहतो.

लेबलवरचे अजून दोन शब्द. 'स्ट्रेट' असेल तर निदान दोन वर्षं पिंपात. चार वर्षांच्या आतली असेल तर वय लिहावंच लागतं. म्हणजे 'स्ट्रेट' लिहिलंय आणि वय लिहिलेलं नाही, तर ती किमान चार वर्षांची समजायची. दुसरा शब्द 'बॉटल्ड इन बाँड'. हा १८९७ चा कायदा. त्या काळी अमेरिकेत दारूत वाट्टेल ते मिसळायचे, म्हणून सरकारने हमी दिली: एकाच भट्टीची, एकाच हंगामाची, निदान चार वर्षं सरकारी देखरेखीच्या गोदामात, आणि बरोबर ५० टक्क्यांची. आज ही हमी असलेल्या बाटल्या अमेरिकेत खालच्या-मधल्या किमतीतसुद्धा मिळतात. स्वस्त बर्बन बरी का लागते, याचं निम्मं उत्तर यात आहे. पळवाट काढायला कायद्याने जागाच कमी ठेवली.

आणि आपली व्हिस्की?

आता घरी येऊ. लातूर-नांदेडकडे साखर कारखाने किती आहेत ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. उसाचा रस आटवून साखर काढली की मागे राहते ती मळी. मळी आंबवून स्पिरिट काढायचं, ते शुद्ध करत ९६ टक्क्यांवर न्यायचं, पाणी घालायचं, कॅरमेलचा रंग घालायचा, थोडं माल्ट किंवा स्कॉच मिसळायचं नाहीतर नुसता स्वाद घालायचा: आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीचा हा जुना रस्ता. देशीत त्याच स्पिरिटला संत्र्याचा नाहीतर मोसंबीचा स्वाद. युरोपात मळीच्या स्पिरिटला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. आपल्याकडे २०१८ च्या अन्नसुरक्षा मानकांत शेतमालापासून काढलेलं न्यूट्रल स्पिरिट व्हिस्कीत चालतं, आणि ऊस हाही शेतमालच.

यात बेकायदेशीर काही नाही, हे स्पष्ट सांगतो. परवानाधारक कारखान्यातली अशी दारू ठरलेल्या मानकांत असते. फक्त तिला रम म्हटलं असतं तर जास्त शोभलं असतं. (हशा)

"आता तर धान्याची निघते की," असं कुणी म्हणेल. खरं आहे. नांदेड जिल्ह्यात धर्माबादजवळ बाळापूरला पायोनियर डिस्टिलरीज होती, युनायटेड स्पिरिट्सच्या समूहातली, तिथे धान्यापासून स्पिरिट काढायचे. २००७ साली राज्याने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्यांना लिटरमागे १० रुपये अनुदानाचं धोरण आणलं, तेव्हा केवढा वाद पेटला होता ते जुन्या मंडळींना आठवत असेल. पावसात काळी पडलेली ज्वारी, जी बाजारात कुणी घेत नाही, ती भट्टीला जाते, असा एक पक्ष. खाण्याचं धान्य बाटलीत का घालता, असा दुसरा. तो वाद मोठा आहे, आज त्यात शिरत नाही.

चवीपुरतं बोलायचं तर 'धान्याची' हा शब्द लेबलवर बघून भुलू नका. ज्वारी असो, मका असो, ९६ टक्क्यांवर नेली की तिची ओळख पुसली जाते. धान्य बाटलीत शिरतं, धान्याची चव शिरत नाही. बर्बन आणि आपली स्वस्त व्हिस्की यांतला फरक कच्च्या मालापेक्षा या शेवटच्या सोळा टक्क्यांत आहे, आणि पुढे लाकडात आहे.

लाकूड काय देतं?

बर्बनचं पिंप आतून जाळतात तेव्हा तीन-चार गोष्टी घडतात. लाकडातली साखर करपून कॅरमेल होते, तिथून काकवीचा वास येतो. लाकडाला घट्टपणा देणारं लिग्निन फुटून व्हॅनिलिन तयार होतं, तो आइस्क्रीमचा वास. अमेरिकन ओकमध्ये एक घटक असतो, त्याला वास खोबऱ्याचा. आणि युजेनॉल, म्हणजे लवंगेत असतं तेच. म्हणून बर्बन हुंगताना गूळ, खोबरं, लवंग आठवते, ती कविकल्पना नव्हे. तीच रसायनं आहेत.

नियम नव्या पिंपाचा, त्यामुळे एकदा वापरलेलं पिंप बर्बनला परत चालत नाही. मग ही पिंपं जगभर विकली जातात. स्कॉटलंडला जातात, आणि आपल्या गोव्यातही येतात. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन ही सिंगल माल्ट बनते, ती बर्बनच्या रिकाम्या पिंपांत मुरते. त्या कंपनीत २०१७ पासून सॅझरॅक या अमेरिकन कंपनीची भागीदारी आहे. बफलो ट्रेस ही केंटकीतली नावाजलेली बर्बन सॅझरॅकचीच. केंटकीचं लाकूड आणि कोकणची हवा असा हा संसार. पण आपल्या उन्हात पिंपातून दरवर्षी स्कॉटलंडच्या कैक पट मद्य उडून जातं. त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. आपले देव जरा जास्तच घेतात. (हशा) म्हणून इथे मुरवणं महाग पडतं, आणि स्वस्त बाटलीवाला त्या भानगडीत पडत नाही.

मधला एक रस्ताही निघालाय. ओकस्मिथ नावाची व्हिस्की २०१९ मध्ये आली, ती सुरुवातीला तेलंगण आणि महाराष्ट्रात आणली गेली. तिच्यात स्कॉच माल्ट, अमेरिकन बर्बन आणि भारतीय स्पिरिट यांचं मिश्रण आहे. तिला बर्बन म्हणता येत नाही, पण आयातीच्या बाटलीएवढे पैसे न घालता बर्बनचं लाकूड कसं लागतं याचा अंदाज तिच्यावरून येतो.

चाखायचं कसं?

आमची पद्धत साधी आहे. खाली फुगीर, वर निमुळता असा पेला. त्यात १५ मिली, जास्त नाही. बर्फ नाही, सोडा नाही, कारण गारव्याने जीभ बधिर होते आणि सोड्याने सगळंच सारखं लागतं. चखणा नंतर, तिखट शेवेने तोंड भाजलं की काय कळणार?

आधी वास. नाक पेल्यात खुपसायचं नाही, तोंड किंचित उघडं ठेवून हळू हुंगायचं. पहिल्या झटक्यात फक्त स्पिरिट कळतं, दुसऱ्या-तिसऱ्यांदा खालचे वास वर येतात. मग लहान घोट, जिभेवर फिरवायचा. मग तीन-चार थेंब पाणी घालून पुन्हा. शेवटी गिळल्यावर किती वेळ काय उरतं ते बघायचं.

आणि शब्द आपले वापरायचे. परदेशी परीक्षणात मेपल सिरप आणि पेकान वाचून आपल्याला काय कळणार? आमच्या वहीत काकवी, भाजलेलं कणीस, भुईमुगाची शेंग, सुकं खोबरं, जायफळ, रंधा मारलेलं लाकूड असे शब्द आहेत. ज्याने गुऱ्हाळावर उकळती काहील हुंगली आहे, त्याचं नाक बर्बनसाठी आधीच तयार आहे.

काही बाटल्यांबद्दलचं आमचं मत सांगतो. टक्के अमेरिकेतल्या बाटलीचे. जिम बीम, पांढरं लेबल, चार वर्षांची, ४० टक्के: भाजलेली शेंग, मका, शेवट पातळ. शिकायला बरी. एव्हन विल्यम्स, काळं लेबल, ४३ टक्के: काकवी आणि व्हॅनिला जास्त, त्याच पैशात जरा भरीव. मेकर्स मार्क, ४५ टक्के: राईऐवजी गहू, त्यामुळे मऊ आणि गोडसर, तिखटपणा आवडणाऱ्याला मिळमिळीत वाटेल. वाइल्ड टर्की १०१, म्हणजे ५०.५ टक्के: लवंग-मिऱ्याचा ठसका, पाणी घातल्याशिवाय कळत नाही. जॅक डॅनियल्स बर्बन म्हणून विकली जात नाही, ती टेनेसी व्हिस्की. शुगर मेपलच्या कोळशातून गाळतात, आम्हाला तिच्यात पिकलेलं केळं लागतं.

एकदा आम्ही लेबलं झाकून, पेल्यांना आकडे देऊन सहा व्हिस्की चाखल्या. सगळ्यांत महागडी चौथी आली. आमच्यातला जो "मी डोळे मिटून ओळखतो" म्हणायचा, त्याची सहापैकी एक बरोबर आली. तेव्हापासून आमच्यात पैज लावायची बंद झाली, आणि परीक्षणही आधी झाकून चाखल्याशिवाय लिहीत नाही.

लेबल वाचताना एक आकडा तुम्हाला नेहमी दिसेल: ४२.८ टक्के. तो कुठून आला? इंग्रजी मोजणीत १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७ टक्के. त्याच्या ७५ टक्के केले की ४२.८ येतात. बाटलीवर '२५ अंडर प्रूफ' लिहितात ते हेच. साहेब गेला, त्याचा आकडा राहिला. या हिशेबाने ३० मिलीच्या एका पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो. क्वार्टर संपवली तर ६० ग्रॅम. हा आकडा देशीला, स्कॉचला, बर्बनला जवळपास सारखाच. चव वेगळी असेल, यकृताला लेबल वाचता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्याला पूर्ण सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. आम्ही चाखणारे लोक आहोत, तरी हे लपवणार नाही.

प्रश्नोत्तरं

मागच्या रांगेतले एक काका: "पहिल्या धारेची सगळ्यांत चांगली असते म्हणतात. खरं काय?"

काका, पहिली धार कडक असते, चांगली नसते. भट्टीतून सुरुवातीला जे येतं त्यात उग्र वासाचे, डोकं धरणारे घटक जास्त असतात. जाणता भट्टीवाला ते बाजूला काढतो, मधली धार ठेवतो आणि शेवटचीही सोडतो. हातभट्टीवर हे कोण बघणार? आणि तिथे याहून मोठा धोका भेसळीचा असतो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, तिच्यात मिथेनॉल होतं. मिथेनॉल नाकाने, जिभेने ओळखता येत नाही. त्यामुळे स्वस्तातली स्वस्त म्हणून बिनलेबलाची बाटली घेऊ नका, एवढं तरी घरी जाऊन सांगा.

समोर बसलेल्या एक ताई: "चव कळायला लागली म्हणजे माणूस कमी पितो का? आमच्या घरात तर चवीसाठी कुणी पीत नाही."

ताई, खरं सांगायचं तर नाही. ज्याला व्यसन लागलंय त्याला चव शिकवून काही होत नाही. तो आजार आहे, त्याला डॉक्टर लागतो, उपचार लागतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. सरकारी दवाखान्यातही विचारा. एकदम दारू तोडली तर काहींना झटके येतात, म्हणून तेही डॉक्टरांना विचारूनच. आणि गावात दुकान नको असेल तर कायद्याने मतदान मागता येतं, ते 'उभी बाटली, आडवी बाटली' तुम्हाला माहीतच आहे. निम्म्याहून जास्त मतदार आडव्या बाटलीच्या बाजूचे निघाले की दुकान बंद होतं. आमचं आजचं बोलणं त्याच्या आड येत नाही. (टाळ्या)

एक तरुण शेतकरी: "मक्याची बर्बन होते, मग आपल्या ज्वारीची तशी का होत नाही?"

झाली तरी तिला बर्बन म्हणता येणार नाही, ते नाव अमेरिकेचं. पण ज्वारीची चांगली दारू होते, यात शंका नको. चीनमध्ये बाइज्यू नावाचं मद्य मुख्यतः ज्वारीपासूनच करतात, त्यात धान्याचा वास भरपूर राखलेला असतो, आणि जगात सर्वांत जास्त खपणाऱ्या कडक मद्यांत त्याची गणती होते. म्हणजे धान्य कमी पडलेलं नाही. आपल्याकडे कमी पडतो तो नियम: इतक्या टक्क्यांच्या वर न्यायचं नाही, इतकी वर्षं मुरवायचं, वरून रंग घालायचा नाही, आणि जे केलं ते लेबलवर खरं लिहायचं. असा नियम झाला तर बाटली महाग होईल, कदाचित खपही कमी होईल. सरकारला ते परवडेल का, हा प्रश्न तुम्ही आम्हाला नको, मत मागायला येणाऱ्यांना विचारा.

वेळ झाली. घरी कुणाकडे बाटली असेल तर आज रात्री ती उघडू नका, नुसती उलटी करून मागचं लेबल वाचा. कशापासून केली, रंग घातलाय का, किती टक्के, कुठे भरली. चार ओळी असतात.